वकील आणि त्याचा अशील

पुरस्कर्ता : न्यायालयात उभे राहून दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्या मनुष्यास आपण अजूनही 'वकील' म्हणतो, ह्याचे मला नवल वाटते आणि थोडा विषादही वाटतो. शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ एवढाच की ज्याच्यावर दुसऱ्याने आपले काम सोपविले आहे असा मनुष्य. मराठी दप्तरांत हा शब्द जागोजाग भेटतो, पण तो न्यायाच्या संदर्भात क्वचित भेटतो. दिल्लीस पेशव्यांच्या वतीने राहणारे हिंगणे हे वकील, पुण्यास इंग्रजांच्या वतीने आलेला चार्ल्स मॅलेट हाही वकील, आणि १७८४ साली महादजी शिंद्यांनी बादशहाकडून पेशव्यांच्या नावे मिळविलेले 'वकील-इ-मुतलक' हे पद तर साऱ्या बादशाहीच्या कारभाराचे. ह्यांपैकी एकासही धर्मशास्त्राचा किंवा कायद्याचा अभ्यास असावा लागत नसे. त्यांस आपल्या धन्याचे हित कळले म्हणजे पुरे. आजचा विधिव्यवसायी तसा नाही. तो पदवी घेतो, सनद घेतो, आणि १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली जे नियम झाले त्यांत न्यायालयाप्रतीची त्याची कर्तव्ये पक्षकाराप्रतीच्या कर्तव्यांहून निराळी सांगितली आहेत. पक्षकाराने कितीही आग्रह धरला तरी न्यायालयाची दिशाभूल करण्याची त्यास मुभा नाही. अशा मनुष्यास 'दुसऱ्याचा हस्तक' एवढाच अर्थ सांगणारा शब्द लावल्याने लोकांच्या मनात असा ग्रह दृढ होतो की, पैसे मोजले म्हणजे हा माणूस आपल्यासाठी वाटेल ते बोलेल. म्हणून मला 'विधिज्ञ' किंवा 'अधिवक्ता' हे शब्द हवेत. राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यास आपण 'महाधिवक्ता' म्हणतोच. मग तालुक्याच्या न्यायालयात उभा राहणारा त्याचा सहव्यवसायी तेवढा 'वकील' का राहावा?

साशंक : आपण ज्यास वैगुण्य समजता तोच मला त्या शब्दाचा गुण वाटतो. 'वकील' हा शब्द मराठीत एकटा आला नाही. त्याच्याबरोबर 'अशील' आला, आणि ही जोडी तोडून एकाचा विचार करता येत नाही. 'अशील' हाही अरबी. 'अस्सल' ज्या धातूपासून निघाला त्याच धातूचा. अशील म्हणजे मूळ माणूस, ज्याचा हक्क आहे, ज्याची जमीन आहे, ज्याच्या मानेवर आरोप आहे. आणि वकील म्हणजे त्या मूळ माणसाने आपला अधिकार तेवढ्यापुरता ज्याच्या हाती दिला तो. ह्या जोडीत कोण थोर आणि कोण त्याच्या वतीचा, हे शब्दच सांगून टाकतात, आणि वकीलपत्रावर सही किंवा अंगठा अशिलाचा लागतो ह्याचे कारणही तेच. 'विधिज्ञ' हा शब्द त्या मनुष्याचे विद्येशी असलेले नाते सांगतो, अशिलाशी असलेले नाते सांगत नाही. अशील त्या शब्दातून बाहेरच पडतो. हा फरक मोठा का, हे पहावयाचे असेल तर १८७० साली पुण्यात स्थापन झालेली सार्वजनिक सभा पाहा. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी हे स्वतः वकील, आणि सभेचा नियम असा की किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्यावाचून कोणासही सभासद होता येऊ नये. कचेरीत दिवाणी दाव्यासाठी वापरला जाणारा कागद त्यांनी राजकारणात आणला, आणि सरकारापुढे बोलणाऱ्यास, तू कोणाच्या वतीने बोलतोस, हा प्रश्न विचारला जाईल अशी तजवीज करून ठेवली. ज्या देशात कायदेमंडळात एकही लोकनियुक्त सभासद नव्हता त्या देशात प्रतिनिधित्वाची कल्पना वकिलाच्या दप्तरातून निघाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि ह्याच जोशांनी पुढे १८७९ साली, वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव घेण्यासही लोक धजत नव्हते तेव्हा, त्यांचे वकीलपत्र घेतले. 'वकीलपत्र घेणे' हा वाक्प्रचार आपण घरगुती भांडणातही वापरतो, आणि त्याचा अर्थ एकच असतो : एका माणसाच्या बाजूस जाऊन उभे राहणे.

पुरस्कर्ता : जोशांच्या धैर्याविषयी माझ्या मनात आपल्याइतकाच आदर आहे; पण ते धैर्य त्यांचे होते, शब्दाचे नव्हते. मी शब्दांच्या बाबतीत एवढा आग्रही का, हे सांगतो. राज्य स्वतःचे झाले म्हणजे राज्यव्यवहाराची भाषाही स्वतःची करावी लागते, हे ह्या भूमीत प्रथम शिवछत्रपतींनी ओळखले. रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. कारभारात रूढ असलेल्या सुमारे १,४०० फारसी-अरबी व दख्खनी शब्दांस त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती झाला. त्या वेळीही कोणीतरी म्हटले असेल की हे शब्द रयतेस कळावयाचे नाहीत. पण आज आपण 'सचिव' आणि 'सेनापती' म्हणताना क्षणभरही अडखळत नाही, आणि अष्टप्रधानांतील 'न्यायाधीश' तर आजही आपल्या न्यायासनावर बसलेला आहे. १९६० साली राज्य स्थापन झाले तेव्हा भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, पदनामांचे व न्यायव्यवहाराचे कोश झाले. ती सारी त्याच परंपरेची पुढली पायरी आहे. शिवाय संस्कृत शब्द घेतला म्हणजे त्याचे सारे कुटुंब आपल्या हाती येते. 'विधी' घ्या, त्यापासून विधेयक, विधिमंडळ, विधिज्ञ, विधिग्राह्य, वैध, अवैध, वैधता असे शब्द एकमेकांचे नाते सांगत पुढे येतात. आणि सूक्ष्म भेद करावयाचे असतील तर त्यास सामर्थ्य लागते : अधिनियम निराळा, नियम निराळा, विनियम निराळा, अध्यादेश निराळा, अधिसूचना निराळी. लोक ह्या पाचांसही 'कायदा' म्हणतात; न्यायालयास तसे म्हणून चालत नाही.

साशंक : आपण सेनापती आणि सचिव सांगितले, पण त्याच यादीच्या अग्रभागी असलेला शब्द सांगितला नाही. पेशव्यास 'मुख्य प्रधान' हे नाव दिले गेले, शिक्क्यावर ते कोरले गेले, आणि तरीही त्या पदाने मराठ्यांच्या इतिहासात जे शतक गाजविले त्यास आपण सारे 'पेशवाई' म्हणतो. कोणता शब्द जगेल हे दरबार ठरवीत नाही. दुसरे असे की, परके शब्द मराठीत वांझ राहतात, हे मला मान्य नाही. 'कायद्या'पासून कायदेशीर, बेकायदा, कायदेपंडित, कायदेमंडळ झाले. 'वकिला'पासून वकिली आणि वकीलपत्र झाले. आणि 'वकीलपत्र', 'मुखत्यारपत्र', 'हुकूमनामा', 'गहाणखत' ह्या शब्दांकडे पाहिले म्हणजे अरबी, फारसी आणि संस्कृत ह्यांचा संसार मराठीने किती सहज मांडला ते दिसते. जुने महजर आणि निवाडपत्रे वाचताना हेच आढळते. वतनाचा तंटा गोतापुढे आला म्हणजे अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापला करीना लिहून देत, गोताचा निर्णय मान्य करू असा राजीनामा लिहून देत, जामीन देत, साक्षीमोझा होई, जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे आणि तो सरकारास हरकी भरी. त्यांत वादी, साक्षी, जयपत्र हे शब्द स्मृतिग्रंथांतून आलेले, राजीनामा आणि जामीन हे यावनी, आणि हरकी हा शब्द तर नुसता कारभाराचा. ज्यांनी हे कागद लिहिले त्यांस आपली भाषा भ्रष्ट झाल्याची खंत दिसत नाही; कागद पक्का झाला की नाही, एवढीच त्यांस काळजी होती.

आता सूक्ष्म भेदांविषयी. 'कैफियत' म्हणजे एरवी आपले दुःख सांगणे. पण दिवाणी न्यायालयात ती प्रतिवादीने दाव्यास दिलेल्या लेखी उत्तराचे नाव आहे. 'दरखास्त' म्हणजे एरवी विनंती. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही नाझरास विचारा, दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचे प्रकरण, असेच तो सांगेल. दिवाणी आणि फौजदारी हे शब्द तर दिवाण व फौजदार ह्या मोगली अंमलदारांचे. ते अंमलदार गेले, मोगल गेले, आणि त्यांच्या नावांनी आज दोन निराळ्या न्यायपद्धती ओळखल्या जातात, आणि शेतकऱ्याच्या पोरासही त्यांतला फरक कळतो. ही निश्चिती कोणत्या कोशाने दिली? ती वापराने आली. शेकडो वर्षे दावे चालले, हरले, जिंकले गेले, त्यातून आली. अधिनियम आणि विनियम ह्यांत एका उपसर्गाचा भेद आहे. कागदावर तो पुरतो, कानाला पुरत नाही, आणि न्यायालयात माणूस कानाने ऐकतो.

पुरस्कर्ता : परिचित शब्द वापराने निश्चित होतो, असे आपण म्हणता, परंतु परिचित शब्दच माणसास किती घातक होतो, ह्याचे उदाहरण आपल्या प्रत्येक गावात आहे. 'सातबारा' ह्या शब्दाइतका परिचित शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत दुसरा नसेल. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा ह्यांचा तो उतारा. जमीन महसुलाच्या सोयीसाठी ठेवलेली ती नोंद. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याची जमीन, अशी लोकांची पक्की समजूत, आणि त्या समजुतीवर विश्वासून लोक खरेदी करतात, कर्ज देतात. न्यायालये वारंवार सांगत आली आहेत की महसुली नोंद म्हणजे मालकीचा दस्तऐवज नव्हे. नोंद खरी मानून चालावयाचे ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. ताबा, वहिवाट आणि मालकी हे तीन शब्दही असेच; बोलताना माणूस ते एकमेकांच्या जागी वापरतो आणि साक्षीत तसेच वापरून बसतो, मग उलटतपासात त्याच्याच शब्दांनी त्याचा दावा बुडतो. शास्त्राचा शब्द थोडा अपरिचित असावा, त्याने माणसास थांबवावे, ह्याचा अर्थ काय असेल असे विचारावयास लावावे, ह्यात हित आहे. शिवाय निश्चित शब्दांवाचून भाषेची काय दशा होते ते लोकमान्यांच्या १९०८ च्या खटल्यात दिसले. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतील लेख मराठीत होते, आरोप इंग्रजी कायद्याचा होता, आणि न्यायालयापुढे ठेवलेले भाषांतर सदोष आहे हे दाखविण्यात टिळकांस आपल्या बचावाचा केवढा तरी भाग खर्चावा लागला.

साशंक : त्या खटल्यातील जुरीची आठवण करून देतो. नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांस मूळ लेख वाचता येत नव्हते त्यांच्या हाती त्या लेखांचा अर्थ ठरविण्याचे काम होते. तेथे मराठीत कितीही निश्चित विधिशब्द असते तरी काय उपयोग होता? आणि इंग्रजी तरी तेथे निश्चित होती काय? त्याआधी ११ वर्षे, १८९७ च्या खटल्यात, न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांनी कायद्यातील 'डिसअफेक्शन' ह्या शब्दाचा अर्थ जुरीस असा सांगितला की त्याचा आशय प्रीतीचा अभाव एवढाच. शब्द इंग्रजांचा, कायदा इंग्रजांचा, न्यायाधीश इंग्रज, आणि तरी त्या शब्दाचा पैस एवढा वाढला की सरकारावर प्रेम नसणे हाच अपराध ठरू पाहू लागला. निश्चिती शब्दात नसते, अर्थ लावणाऱ्याच्या आसनात असते, असे मला ह्यावरून वाटते. आजही खालच्या न्यायालयांत मराठी चालते, पण राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे अशिलाने आपल्या तोंडाने दिलेली साक्ष अपिलात भाषांतर होऊन जाते आणि तिचा निर्णय त्यास पुन्हा कोणीतरी सांगावा लागतो.

हाच प्रकार स्त्रियांच्या बाबतीत झाला. नाशिकास जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्वदेशी त्यांस वकिलीची सनद मिळावयास तीस वर्षांच्या सुमारास काळ लोटावा लागला. १९१६ साली कलकत्त्यास रेजिना गुहा ह्यांचा अर्ज आला तेव्हा कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता, 'पुरुष' असा नव्हता. तरीही त्या शब्दात स्त्री येत नाही, असा निर्णय झाला. अर्थ लावणाऱ्यांनी एवढा निर्मळ शब्दही बंद करून घेतला.

पुरस्कर्ता : आणि तो उघडला कशाने? १९२३ च्या कायद्याने, म्हणजे कायद्यात नवे शब्द स्पष्ट लिहून. स्त्री केवळ स्त्री आहे म्हणून अपात्र ठरणार नाही, असे लिहावे लागले तेव्हा ती वकील झाली. वापर जर शब्दांचा गुरू असता, तर आमच्याकडे 'वकीलीणबाई' म्हणजे वकिलाची बायको हाच अर्थ राहिला असता. वापर हा बहुधा बलवंतांचा वापर असतो, ही गोष्ट आपण विसरता.

आपण स्त्रियांचा विषय काढलाच आहे, तर माझा खरा आक्षेप आता मांडतो. आपला सारा भर ह्यावर आहे की शब्द अशिलास कळावा. 'हक्कसोडपत्र' हा शब्द घ्या. ह्याहून सोपा, पारदर्शक शब्द कोणत्या भाषेत असेल? ज्या बाईस अक्षरओळख नाही तीसही तो कळतो : हक्क सोडला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीने सहदायाद करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली केली. आणि तरीही बाप वारल्यावर भाऊ बहिणींस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात, आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. कारण माहेरचे दार उघडे राहावे, दिवाळीस बोलावणे यावे. तेथे शब्द कळला नाही म्हणून फसगत झाली, असे आपण म्हणू शकत नाही. शब्द पुरता कळला होता. मग आपल्या सुबोध शब्दाने तिचे रक्षण काय केले?

साशंक : काही केले नाही. हे मला कबूल करावे लागते, आणि ते कबूल करताना बरे वाटत नाही. शब्द कळणे आणि त्या शब्दावर उभे राहण्याचे बळ असणे, ह्यांत जे अंतर आहे ते मी आतापर्यंत मोजले नव्हते. पण 'विधिज्ञा'ने तरी ते अंतर कसे तुटणार?

पुरस्कर्ता : ते हक्कसोडपत्र लिहून कोण देतो, ह्याचा विचार करा. ते लिहितो वकील. आणि फी देतो भाऊ. आपल्याच व्याख्येने भाऊ हा अशील, आणि वकील त्याच्या वतीचा. बहीण समोर बसलेली असते, तिच्या हक्काचा कागद तिच्यादेखत तयार होत असतो, आणि त्या खोलीत कायदा जाणणारा जो एकच मनुष्य आहे तो तिचा नसतो. दुय्यम निबंधक दस्त तिनेच केला काय, आणि ती तीच काय, एवढे पाहतो. तिचा हिस्सा किती, त्याची किंमत काय, हे तिला ठाऊक आहे का, हे पाहणे त्याचे काम नव्हे. आपला 'वकील' येथे निष्ठेने मुका राहील, आणि आपल्या शब्दाप्रमाणे ते योग्यच ठरेल. मी ज्यास 'विधिज्ञ' म्हणतो त्याची निष्ठा प्रथम विधीशी असावी, आणि म्हणून त्याने तिला सांगावे : बाई, कायद्याने हा हिस्सा तुमचा आहे, ह्या कागदाने तो जाईल, तुम्हांस विचार करावयास वेळ हवा असेल तर आज सही करू नका.

साशंक : त्याने तसे सांगावे असे मलाही वाटते, आणि एखादा भला वकील सांगतही असेल. पण आपण तो त्याचा धर्म ठरवू पाहता, तेव्हा पुढचा विचार करा. ज्या भावाने विश्वासाने आपली गोष्ट त्याच्याजवळ सांगितली, त्याच्याच समोर त्याने विरुद्ध बाजूस सल्ला द्यावयाचा. आज भाऊ बलवान आहे आणि बहीण दुबळी, म्हणून आपणांस ते न्याय्य दिसते. पण फडक्यांच्या खटल्यात अशील दुबळा होता आणि सरकार बलवान. तेथे जोशांची निष्ठा प्रथम विधीशी असती, आणि विधी तर सरकारचा, तर फडक्यांस कोण उरले असते? अशिलाने वकिलाशी मोकळेपणाने बोलावे ह्यासाठी पुरावा कायद्याने त्या बोलण्यास गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे. वकिलाची एकनिष्ठा ही दुबळ्याची ढाल म्हणून निर्माण झाली. ती बलवानाच्या हाती गेली म्हणून मोडून टाकावी काय? मला उपाय दुसरा सुचतो : बहिणीस तिचा स्वतःचा वकील असावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीस, तिची मिळकत न पाहता, मोफत वकील मिळण्याची तरतूद आहेच.

पुरस्कर्ता : ती तरतूद मी जाणतो, आणि ती उत्तम आहे. पण ती मागते कोण? जिचा दावा उभा राहिला आहे, जी भांडावयास निघाली आहे, ती मागते. हक्कसोडपत्र लिहिले जाते तेव्हा दावा नसतो, भांडण नसते. भाऊ गोड बोलत असतो आणि घरात नुकतेच दुःख झालेले असते. त्या दिवशी 'मला माझा वकील हवा' असे म्हणणे म्हणजेच भांडण काढणे, असा त्याचा अर्थ होतो, आणि आपणच सांगितलेत की वकीलपत्र म्हणजे एका बाजूस जाऊन उभे राहणे. जोवर ह्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे तोवर, जिला अजून कोणाच्या विरुद्ध उभे राहावयाचे नाही पण आपले काय आहे ते जाणून घ्यावयाचे आहे, तिने कोणाकडे जावे?

साशंक : ह्याचे उत्तर माझ्या शब्दात नाही, हे खरे. आपल्या शब्दात ते आहे, असेही मला अजून दिसत नाही; कारण आपल्या विधिज्ञाची फी त्या दिवशीही भाऊच देणार आहे. ती कोणी द्यावी, आणि ज्याने ती दिली नाही त्याच्या वतीनेही बोलण्याचा अधिकार त्यास कोणत्या कागदाने मिळावा, हे आपण मला आधी सांगा; मग त्याचे नाव काय ठेवावयाचे ते पाहू.